ऐकलेली नावे, पाहिलेली नावे : एका किनारी माशाच्या निमित्ताने

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. येथे पडणारा पाऊस दोन दिशांनी वाहून जातो. ताम्रपर्णी आणि घटप्रभा या नद्या पूर्वेकडे वळतात आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतात. तिलारी मात्र पश्चिमेकडे घाट उतरते, दोडामार्गातून गोव्यात शिरते आणि शापोरा हे नाव घेऊन अरबी समुद्रात जाते. नदीचे नाव वाटेत असे बदलते, तसे तालुक्याच्या पत्त्याचेही बदलले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूरला जोडले गेले. गाव जागचे हलले नाही, गावाचे नावही बदलले नाही. ज्या मोठ्या नावाखाली ते लिहिले जाते ते नाव तेवढे बदलले.

प्राणिशास्त्रातील नामकरणाची रीत समजून घ्यायला हे उदाहरण सोयीचे आहे. लिनीयसने रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीत प्रत्येक जीवाला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. पहिला म्हणजे जिल्हा, दुसरा म्हणजे गाव, असे स्थूलमानाने म्हणता येईल. संशोधन पुढे जाते तसे वर्गीकरण बदलते, मग एखादा मासा एका प्रजातीतून काढून दुसरीत घातला जातो. जातिनाम सामान्यतः तेच राहते. असे स्थलांतर झाले की मूळ नाव ठेवणाऱ्याचे नाव कंसात लिहितात. कंस दिसला की जाणकार ओळखतो, हा मासा आज या घरात असला तरी त्याचे बारसे दुसऱ्या घरात झाले होते.

नाव आणि वस्तू यांचे नाते यादृच्छिक आहे, हे सोस्यूरच्या आधारे आपण वर्गात शिकवतो. शब्द आणि अर्थ यांच्यात निसर्गाने घालून दिलेला संबंध नाही, समाजाचा संकेत आहे, एवढे सांगून आपण पुढे जातो. पण हा संकेत घडतो कसा, कोणी कोणाला विचारून घडतो, आणि तो घडत असताना कोणाचा शब्द टिकतो व कोणाचा गळून पडतो, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी कवितेपेक्षा मासे अधिक उपयोगी पडावेत असे आम्हांला वाटते. कारण माशांच्या बाबतीत नाव कोणत्या वर्षी, कोणत्या ग्रंथात, कोणत्या नमुन्यावरून पडले हे बहुधा सांगता येते. येथे दोन नामकरणांची तुलना करावयाची आहे. पहिले १८३६ सालचे, पॅरिसमधले. दुसरे १८३९ सालचे, लंडनमधले. दोन्ही आपल्या प्रदेशातील माशांचे आहे.

पहिला मासा ब्लेनी या कुलातला. ब्लेनी म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या कपारीत, ओहोटीनंतर साचलेल्या डबक्यांत, कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांत राहणारे बोटभर लांबीचे मासे. अंगावर खवले नसतात, कातडी बुळबुळीत असते. डोके बोथट, डोळे वर, पाठीवरचा पर लांबलचक. पोटाखालचे दोन पर, म्हणजे श्रोणिपक्ष, छातीजवळच्या परांच्याही पुढे, जवळजवळ गळ्याखाली आलेले असतात आणि त्यांत अगदी थोडे काटे असतात. त्यांच्या टेक्याने मासा दगडावर बसून असतो. नर रिकाम्या शिंपल्यात किंवा भेगेत अंडी राखतो. जगभर या कुलाच्या सुमारे चारशे जाती आहेत, आणि त्यांतील बऱ्याच आपण किनाऱ्यावर चालत असताना पायाखालच्या डबक्यातून निसटून जाणाऱ्यांपैकी आहेत.

ब्लेनी हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ शेंबूड किंवा बुळबुळीत स्राव असा आहे. म्हणजे सर्वांत जुने नाव स्पर्शातून आले. ज्याने मासा हातात धरून पाहिला आणि ज्याच्या हातातून तो निसटला त्याने ते ठेवले असणार. हेच नाव आर्तेदीने प्रजातीसाठी वापरले. पेटर आर्तेदी हा लिनीयसचा मित्र. माशांच्या वर्गीकरणाचा पाया त्याने घातला, पण १७३५ साली ॲम्स्टरडॅमच्या कालव्यात बुडून तो वयाच्या तिसाव्या वर्षी मरण पावला. त्याचे हस्तलिखित लिनीयसने १७३८ साली छापले. पुढे १७५८ च्या ग्रंथात लिनीयसने माशांचे गट पाडले ते श्रोणिपक्षांच्या जागेवरून. ज्यांना हे पर नाहीत ते, ज्यांना ते गळ्याशी आहेत ते, ज्यांना छातीशी आहेत ते आणि ज्यांना पोटाशी आहेत ते. ब्लेनी गळ्याशी पर असणाऱ्यांत बसली. या एका खुणेमुळे कित्येक असंबद्ध मासेही त्याच नावाखाली आले. उत्तर युरोपच्या थंड समुद्रात पिलांना जन्म देणारा एक लांबट मासा लिनीयसने ब्लेनी म्हणूनच नोंदवला होता. आज तो वेगळ्याच कुलात आहे.

वर्गीकरणाची कसोटी कशी बदलत गेली हे पाहण्यासारखे आहे. लिनीयसला परांची जागा महत्त्वाची वाटली. क्यूव्हिए आणि त्याचा शिष्य व्हॅलँसिएन यांनी ब्लेनी आणि गोबी यांना एकाच कुलात ठेवले, कारण दोन्ही लहान, तळाशी राहणारे, मऊ काट्यांचे मासे. नंतरच्या अभ्यासकांनी दोहोंना वेगळे केले : बहुतेक गोबींचे श्रोणिपक्ष जुळून त्यांची वाटीसारखी चूषणी होते, ब्लेनीचे सुटे राहतात. विसाव्या शतकात बराच काळ ब्लेनी पर्चसारख्या माशांच्या अवाढव्य गणात एक उपगण म्हणून नांदत होती. मग जनुकांची तुलना करता येऊ लागली आणि २०१२ साली ब्लेनींसह अनेक कुलांचा जो नवा समूह मांडला गेला त्याचे नाव त्यांच्या अंड्यांवरून ठेवले गेले, कारण त्यांतील बहुतेकांची अंडी चिकट तंतूंनी दगडाला किंवा झाडोऱ्याला धरून राहतात. बुळबुळीत कातडी, गळ्याजवळचे पर, शेवटी अंड्यांचे तंतू. मासा तोच आहे. त्याच्यातले काय पाहावे याविषयीचे मत अडीचशे वर्षांत तीन-चारदा बदलले.

आता मुंबईकडे वळू. क्यूव्हिए आणि व्हॅलँसिएन यांचा माशांवरचा फ्रेंच ग्रंथ १८२८ ते १८४९ या काळात २२ खंडांत प्रसिद्ध झाला. क्यूव्हिए १८३२ साली वारला. पुढचे काम व्हॅलँसिएनने नेले. चार हजारांहून अधिक जातींची वर्णने त्यात आहेत. हा ग्रंथ ज्या नमुन्यांवर उभा राहिला ते जगभरच्या बंदरांतून मद्यार्काच्या बाटल्यांत घालून पॅरिसच्या संग्रहालयात येत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पुष्कळ नमुने ड्युस्युमिए या फ्रेंच व्यापाऱ्याने आणले. तो स्वतःच्या जहाजाने पूर्वेकडे फेऱ्या करीत असे. १८३६ साली निघालेल्या अकराव्या खंडात मुंबईहून आलेल्या एका लहान ब्लेनीचे वर्णन आहे. व्हॅलँसिएनने तिला जातिनाम दिले 'पंक्टेटस', म्हणजे ठिपकेदार. आज ती 'ओमोब्रँकस' या प्रजातीत आहे, ज्याचा अर्थ खांद्याशी कल्ला असलेला. या माशाच्या कल्ल्याचे छिद्र लहान असून छातीच्या पराच्या वर असते. खांद्याशी कल्ला असलेली ठिपकेदार, असे हे संपूर्ण नाव.

नाव चूक नाही. बाटलीतला मासा समोर ठेवून जे दिसले ते त्यात आहे. पण मुंबईतल्या ज्या माणसाच्या हाताने तो मासा डबक्यातून किंवा जाळ्यातून निघाला असेल, तो त्याला काय म्हणत होता, हे त्या नावात असू शकत नव्हते. बाटलीबरोबर गावाचे नाव पॅरिसला पोचले. माशाचे नाव पोचल्याची खूण नाही. आणि असे नाव होते का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. कारण बोलीतले नाव सहसा उपयोगातून जन्म घेते. चिखलावर उड्या मारणाऱ्या, गोबींच्या नात्यातल्या माशाला 'निवटी' हे नेमके नाव आहे, कारण निवट्या पकडतात, विकतात आणि खातात. ब्लेनी कोणी विकत घेत नाही. खडकातला बोटभर मासा हा मुलांच्या खेळाचा किंवा गळाला लावायचा विषय. बाजाराच्या भाषेत त्याला जागा मिळत नाही. ज्याचा भाव होत नाही त्याचे नाव एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जात नाही.

या ठिपकेदार ब्लेनीची पुढची कथा मात्र नाव नसणाऱ्यांच्याच इतिहासाला जाऊन भिडते. पूर्व आफ्रिकेपासून जपानपर्यंतच्या किनाऱ्यांवर आढळणारा हा मासा विसाव्या शतकात अटलांटिकच्या पलीकडच्या बाजूला, त्रिनिदाद बेटावर सापडला. नंतर पनामा, व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या किनाऱ्यांवरही. उष्ण कटिबंधातला हा बोटभर मासा आफ्रिकेचे थंड दक्षिण टोक पोहत ओलांडून गेला असेल हे संभवत नाही. अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेचे व्हिक्टर स्प्रिंगर आणि त्यांचे सहकारी मार्टिन गोमन यांनी १९७५ साली या प्रजातीचा समग्र आढावा घेतला. निरनिराळ्या बंदरांवरून या एकाच जातीला पडलेली निरनिराळी नावे त्यांनी एकत्र केली आणि १८३६ चे मुंबईचे नाव सर्वांत जुने म्हणून कायम ठेवले. त्रिनिदादमधल्या उपस्थितीविषयी त्यांनी तर्क मांडला तो असा की, भारतातून करारबद्ध मजूर घेऊन जाणाऱ्या जहाजांबरोबर हा मासा तेथे गेला असावा. जहाजाच्या बुडाला कालवे आणि शिंपले चिकटतात, आणि रिकाम्या शिंपल्यात राहणे हाच तर या माशाचा स्वभाव.

ही मजूरवाहतूक १८४५ ते १९१७ या काळात चालली आणि एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे भारतातून त्रिनिदादला नेली गेली. जहाजे बहुतांशी कलकत्त्याहून, काही मद्रासहून सुटत. म्हणजे मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा हा मासा मुंबईचाच जहाजी होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या जहाजांवर चढणाऱ्या माणसांच्या परवान्यांचा नमुना येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव आणि उंची लिहीत, आणि शेवटी अंगावरच्या खुणा. भोजपुरी किंवा तमिळ नाव कारकुनाच्या कानाला जसे लागेल तसे इंग्रजीत उतरे. कित्येक कुटुंबांची आडनावे तेथेच, त्या कानाच्या चुकीतून, कायमची ठरली. माणूस ओळखता यावा म्हणून अंगावरचा व्रण किंवा तीळ नोंदवायचा, आणि मासा ओळखता यावा म्हणून अंगावरचे ठिपके नोंदवायचे, या दोन्ही एकाच शतकातल्या कारभाराच्या रीती आहेत. दूरच्या कचेरीला लांबून ओळख पटवायची असते; तिला खूण पुरते.

आता १८३९ च्या नामकरणाकडे येऊ. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातला अधिकारी. १८२४ साली त्याची मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून नेमणूक झाली आणि १८३१ पर्यंत तो दख्खनभर फिरत होता. जमीन, पिके, वजनेमापे, लोकसंख्या, पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे, जे मोजता येईल ते तो मोजत होता. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक आणि ब्रिटिश संसदेचा सदस्य झाला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे वाचला गेला, त्याचा गोषवारा १८३९ साली आणि चित्रांसह पूर्ण पाठ १८४१ साली प्रसिद्ध झाला. मासे होते भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांचे. या साऱ्या नद्यांचे पाणी शेवटी कृष्णेला जाते, आणि घटप्रभा-ताम्रपर्णीचेही. त्यामुळे साइक्सच्या यादीला चंदगडकराने परकी यादी समजण्याचे कारण नाही.

ही यादी मराठी वाचकाने मोठ्याने वाचावी अशी आहे. खुद्री, कोलस, मुसुल्ला, नुक्ता, बोग्गुट, मुल्या, फुलुंगी, सीनघाला, सीनगटी, गूंगवारी, टाकरी, कुटुर्नी, सांडखोल. ही सारी लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसवलेली जातिनामे आहेत आणि त्यांतली बरीच आजही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत. साइक्सने मासा कोळ्याकडून घेतला, त्याचे नाव विचारले आणि ऐकले तसे लिहिले. 'रोहटी' हा शब्द तर त्याने एका प्रजातीलाच दिला. हा पायंडा नवा नव्हता. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा रोहित, कातला, मृगल, कालबासू ही तिकडची नावे अशीच शास्त्रात नेली होती. हा हॅमिल्टन मूळचा बुकॅनन. आईकडची मालमत्ता मिळाली तेव्हा १८१८ साली त्याने तिचे आडनाव घेतले. साऱ्या गंगाखोऱ्याच्या माशांची नावे ठरवणाऱ्याचे स्वतःचे नाव मालमत्तेच्या व्यवहारात बदलले होते! त्याच ग्रंथामुळे आपल्या बोंबलाला शास्त्रात 'नेहेरिअस' हे बंगाली शब्दावरून आलेले नाव मिळाले. मुंबईशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो मासा शास्त्रात बंगाली आहे, हा नामकरणाच्या इतिहासातला एक गमतीचा भाग.

साइक्सची नावे आज आपल्याला ओळखू येत नाहीत याचे कारण लिप्यंतर आहे. त्या काळच्या इंग्रजांची मराठी शब्द लिहिण्याची रीत ठरलेली होती. 'अ' साठी ते 'यू' हे अक्षर लिहीत, 'ई' साठी 'ई' दोनदा आणि 'उ'-'ऊ' साठी 'ओ' दोनदा. दख्खन हा शब्द साइक्सने ज्या अक्षरांनी लिहिला तो आज कोणीही 'दुखुन' असा वाचील. ही किल्ली लक्षात ठेवून यादी पुन्हा वाचली की शब्द आपले चेहरे दाखवू लागतात. सीनघाला म्हणजे शिंगाळा, सीनगटी म्हणजे शिंगटी, मुल्या म्हणजे मल्या किंवा मळ्या. ज्याला शास्त्रज्ञ नुक्ता म्हणतात त्या माशाच्या नाकाडावर खोल खाच असते आणि त्याचा चेहरा बसक्या नाकाचा दिसतो. 'यू' च्या जागी 'अ' घातला तर शब्द उरतो नकटा. इंद्रायणीकाठच्या ज्या कोळ्याने ते नाव सांगितले त्याचीही दृष्टी वर्णन करणाऱ्याचीच होती. व्हॅलँसिएनने ठिपके पाहिले, याने नाक पाहिले. फरक एवढाच की त्याने जे पाहिले ते आपल्या भाषेत, थट्टेच्या सुरात सांगितले, आणि ते ऐकायला योगायोगाने एक लिहिणारा हजर होता.

साइक्सला मराठीचा कैवार होता असे यावरून समजणे भाबडेपणाचे होईल. त्याच यादीत त्याने काही मासे लंडनच्या मंडळींना अर्पण केले आहेत. यॅरेल, चिल्ड्रन, ऑगिल्बी, व्हिगर्स हे त्या वर्तुळातले प्रतिष्ठित लोक एकेका दख्खनी माशाच्या नावात जाऊन बसले. त्यांतला यॅरेलचा मासा नदीतल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी, दगडांत दबा धरून बसणारा. म्हणजे मराठी शब्द हा काही वेळा आदर म्हणून, आणि पुष्कळदा हाताशी तयार असलेले साधन म्हणून वापरला गेला असावा. कोळ्यांचे शब्द आले; कोळ्याचे स्वतःचे नाव मात्र एकाही माशाला नाही.

तरीही या पद्धतीने एक गोष्ट साधली आणि तिचे मोल मराठीच्या अभ्यासकाला अधिक कळेल. साइक्स दख्खनमध्ये फिरत होता त्याच वर्षांत मोल्सवर्थ आणि कँडी बंधू शास्त्रीमंडळींच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोशाची सामग्री जमवत होते. कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली. त्या थोर कोशात माशांची नावे पुष्कळ आहेत, पण कित्येक नावांपुढे अर्थ म्हणून एवढेच आहे की हा एक प्रकारचा मासा. कोणता, हे कळायला मार्ग नाही. कोशात शब्द आहे आणि वस्तू हरवलेली आहे. पॅरिसच्या बाटलीत वस्तू आहे आणि शब्द हरवलेला आहे. साइक्सच्या निबंधात शब्द, वर्णन, नदीचे नाव आणि काही ठिकाणी चित्रही, एकाच पानावर भेटतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले मराठी मत्स्यनाम नेमके कशाचे नाव होते हे सांगणारा इतका स्पष्ट पुरावा आपल्याकडे फारसा नाही.

हा पुरावाही निर्वेध नाही. साइक्सचे बरेचसे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. तेव्हा वाद उपस्थित झाला की अभ्यासकाला त्याच्या वाक्यांचाच अर्थ लावावा लागतो, जसा आपण एखाद्या जुन्या पोथीच्या पाठाचा लावतो. घोड नदीवरच्या शिरूरजवळचा 'मुसुल्ला' हा मासा महसीरच्या प्रजातीतला की दुसऱ्या, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते; २०१३ च्या सुमारास मूळ वर्णन पुन्हा बारकाईने वाचून तो महसीर नव्हे असे ठरवण्यात आले. शब्द गळून पडल्याचीही उदाहरणे आहेत. गोबी कुलातल्या खरप्याला साइक्सने 'कुर्पा' असे नाव दिले होते. पण तोच मासा हॅमिल्टनने १८२२ साली दुसऱ्या नावाने नोंदवला होता आणि नियमाप्रमाणे आधीचे नाव राहते. गंगेकाठचा शब्द सतरा वर्षांनी जुना, म्हणून मराठी शब्द समानार्थी नावांच्या यादीत जाऊन पडला. येथे कोणा एकाचा पक्षपात नाही. अग्रक्रमाचा नियम भाषा पाहत नाही, साल पाहतो.

नियमांतले आणखी एक कलम व्याकरणाच्या शिक्षकाला आवडेल. जातिनाम लॅटिन विशेषण असेल तर त्याला प्रजातिनामाच्या लिंगाप्रमाणे बदलावे लागते. ठिपकेदार हे विशेषण पुल्लिंगी प्रजातीत 'पंक्टेटस' होते, स्त्रीलिंगी प्रजातीत गेले तर 'पंक्टेटा' होईल. परभाषेतून तसाच आलेला शब्द मात्र अविकारी राहतो. साइक्सने १८३९ साली 'बार्बस खुद्री' असे लिहिले, आज 'टॉर खुद्री (साइक्स, १८३९)' असे लिहितात. प्रजाती बदलली, खुद्री जसाच्या तसा उभा आहे. लॅटिन वाक्यात मराठी शब्दाला विभक्ती लागत नाही, तो आपले उच्चार बिघडवून का होईना, आपले रूप राखतो.

नावांचा हा व्यवहार केवळ ग्रंथांपुरता नाही, हे याच खुद्रीच्या पुढच्या इतिहासावरून दिसते. लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० नंतरच्या काळात महसीरची पैदास सुरू झाली आणि कृष्णेच्या खोऱ्यातला हा मासा दक्षिणेत कावेरीतही सोडला गेला. कावेरीत स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर होता. शिकारी त्याला शतकभर ओळखत होते, पण त्याला मान्य असे शास्त्रीय नाव निश्चित झालेले नव्हते. नाव नाही म्हणून तो धोक्यातील जातींच्या जागतिक यादीत स्वतंत्रपणे घेता येत नव्हता. खुद्री वाढत गेला, कुबडवाला घटत गेला. २०१८ साली तो मासा 'टॉर रेमादेवी' या जातीचा आहे असे दाखवून देण्यात आले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मासा होता तेव्हा नाव नव्हते; नाव मिळाले तेव्हा मासा संपत आला होता. यादृच्छिक संकेत असला तरी तो वेळेवर व्हावा लागतो.

आमच्या शेजारी आंबोलीत २०२० साली एका लहानशा माशाचे नव्याने नामकरण झाले. हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात तो राहतो. त्याला नदीचे, म्हणजे त्या स्थानाचे, नाव मिळाले : 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. नाव पडले आणि पाण्याला संरक्षण मिळाले, हा क्रम समाधानाचा आहे. पण ओढ्यातल्या अशा लहान माशांना गावोगाव काय म्हणतात, या शब्दांचा संग्रह त्या नावाने होत नाही. ते शास्त्रज्ञाचे कामही नाही. ते काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे, आणि आपण ते पुरेशा नेमकेपणाने केलेले नाही.

चंदगडी बोलीवर मराठीच्या अभ्यासकांनी लिहिताना कोकणी आणि कन्नड यांचा तिच्यावरचा प्रभाव दाखवणे स्वाभाविक आहे. शब्दसूचीत ओढ्यातल्या, शेतातल्या, धरणातल्या माशांची नावेही येतात. त्या नावांपुढे आपण आजही मोल्सवर्थसारखेच लिहितो की हा एक प्रकारचा मासा. मोल्सवर्थला दुसरा उपाय नव्हता. आपल्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे, शेजारच्या खोलीत प्राणिशास्त्राचे सहकारी आहेत, आणि ज्यांना ही नावे ठाऊक आहेत अशी म्हातारी माणसे अजून गावात आहेत. बोलीच्या पुढच्या शब्दसंग्रहात माशाच्या नावाशेजारी त्याचे छायाचित्र, ओढ्याचे नाव, महिना आणि शास्त्रीय नाव ही चार माहिती दिली, तर तो शब्द कोणत्या वस्तूचा होता हे शंभर वर्षांनीही सांगता येईल. आणि ज्या माशाला विचारूनही नाव मिळाले नाही, त्याच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. मुंबईच्या ठिपकेदार ब्लेनीच्या बाबतीत १८३६ साली एवढा एक प्रश्न कोणी किनाऱ्यावर विचारला असता, तर तिला मराठी नाव होते की नव्हते हे तरी आज आपल्याला कळले असते.